दादांनी हात आखडता घेतला, त्याला कारण आहे

वाचकाचं पत्र

ताई, मी अंधेरी पूर्वेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अ‍ॅक्सेशन विभागात काम करते. कलेक्शन सेंटरवरून आलेली सॅम्पल आम्ही तपासतो, बारकोड लावून नोंदवतो आणि पुढच्या विभागांना पाठवतो. दुपारच्या पाळीची सुपरवायझर होऊन मला वर्ष होत आलं. हाताखाली १४ जण आहेत. मध्यंतरी कंपनीने आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मॅस्लोचा त्रिकोण, हर्झबर्ग, असं बरंच शिकवलं. परत आल्यावर मी 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' सुरू केला. फोटो आणि १,००० रुपयांचं गिफ्ट व्हाउचर. कोणी किती सॅम्पल नोंदवली त्याची पाटी भिंतीवर लावली. पहिला महिना बरा गेला. आता सगळे सोपी सॅम्पल उचलतात. लहान मुलांच्या छोट्या ट्यूब, अक्षर न लागणारे फॉर्म तसेच पडून राहतात.

आमच्याकडे बदलापूरहून येणारे एक जण आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. नोकरीला ११ वर्षं झाली. अवघड सॅम्पल आजवर तेच बघायचे. पाटीवर ते शेवटून दुसरे आहेत आणि आता सांगितलं तेवढंच करतात. त्यात नव्या मुलाला त्यांच्यापेक्षा ३,००० रुपये जास्त पगार असल्याचं सगळ्यांना कळलंय. एचआर म्हणतं, पगाराचा विषय काढू नका, टीमला मोटिव्हेट करा. महिनाअखेरपर्यंत मला 'मोटिव्हेशन प्लॅन' द्यायचाय. यातला कोणता सिद्धांत लावू? की हल्लीच्या माणसांना कामाची ओढच राहिली नाही?

– एक वाचक, बोरिवली

उत्तर

नमस्कार. सिद्धांतांचं सांगतेच, पण त्याआधी एक काम करा. उद्या पाळी सुरू होण्याआधी ती पाटी भिंतीवरून उतरवा. सगळ्यांसमोर उतरवा आणि का उतरवतेय ते दोन वाक्यांत सांगा: 'या पाटीमुळे अवघड सॅम्पल मागे पडतायत. ती घेणाऱ्याला शिक्षा व्हावी असा माझा हेतू नव्हता.' एवढं पुरे.

तुमच्या पाटीने एकच गोष्ट मोजली, आकडा. लोकांनी आकडा वाढवला. तुम्हाला हवं होतं ते वेगळंच: बारकोड चुकू नये, लहान बाळाला पुन्हा सुई टोचायची वेळ येऊ नये, रिपोर्ट वेळेत निघावा. बक्षीस एका गोष्टीला द्यायचं आणि आशा दुसऱ्याच गोष्टीची धरायची, हा घोळ स्टीव्हन कर यांनी १९७५ साली एका लेखात सविस्तर मांडला. तो लेख आजही व्यवस्थापनाच्या वर्गात वाचला जातो, कारण ऑफिसं अजून तेच करतायत. तुमची माणसं आळशी झालेली नाहीत. तुम्ही जे मोजलंत, ते त्यांनी नीट वाचलं.

याचा अर्थ उद्दिष्ट ठरवूच नये असा नाही. गॅरी लेथम आणि एडविन लॉक या दोघांनी या विषयात आयुष्य घातलं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहून नेणारे ट्रकवाले कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरायचे. 'जमेल तितकं भरा' असं सांगून काही होत नव्हतं. मग त्यांना ९४ टक्के असं नेमकं लक्ष्य दिलं. जादा पैसा एक छदाम दिला नाही, तरी काही महिन्यांत भरण ९० टक्क्यांच्या वर गेलं. हा अभ्यास १९७५ सालचा. नेमकं आणि थोडं अवघड लक्ष्य काम करतं, यात शंका नाही. पण ट्रकमध्ये मोजायची गोष्ट एकच होती, वजन, आणि एका ट्रकवाल्याने जास्त भरलं म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला वाईट ओंडके येत नव्हते. तुमच्या टेबलावर तसं नाही. एकाने सोप्या ट्यूब उचलल्या की अवघड ट्यूब दुसऱ्याकडेच सरकतात.

अशा ठिकाणी लक्ष्य ठेवायचं तर ते सगळ्या पाळीचं मिळून ठेवा, आणि आकड्याऐवजी चुकांवर ठेवा: रात्री पाळी संपताना एकही फॉर्म न पाहता पडून राहणार नाही, किंवा आपल्या लेबलच्या चुकीमुळे पुन्हा मागवावी लागणारी सॅम्पल या महिन्यात निम्म्यावर आणायची. आकडा किती असावा ते त्यांनाच ठरवू द्या. लोक बहुतेक तुमच्या मनातल्यापेक्षा कडक आकडा सांगतील.

आता सिद्धांत. प्रशिक्षणात तुम्हाला हे सगळे एकापुढे एक मांडून दाखवले असणार, त्यामुळे यातला एक खरा आणि बाकीचे खोटे असं वाटणं साहजिक आहे. मला ते तसे दिसत नाहीत. कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात माझी नोकरी झाली, आणि मला हे सिद्धांत उपयोगी पडले ते प्रश्न म्हणून. एखादा माणूस मागे सरला की त्याच्याबद्दल कोणते प्रश्न विचारायचे, हे ते शिकवतात. एकाचं उत्तर मिळालं तर दुसऱ्याची गरज पडत नाही, असंही होतं.

मॅस्लोचं थोडक्यात आटपते. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली गरजांची उतरंड मांडली: तळाशी भूक-झोप, मग सुरक्षितता, आपुलकी, मान, आणि सगळ्यात वर आपल्यातलं जे आहे ते फुलवणं. तो प्रसिद्ध त्रिकोण त्यांनी काढलेला नाही, तो नंतर व्यवस्थापनाच्या लोकांनी काढला. मूळ लेखात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की हा क्रम पक्का नसतो आणि माणसाच्या सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्याथोड्या भागलेल्या असतात. १९७६ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा 'एक पायरी चढल्यावरच पुढची' या कल्पनेला फारसा आधार सापडला नाही. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की दादा पगारात अडकलेत म्हणजे ते खालच्या पायरीवर आहेत, तर ऐकू नका. ११ वर्षं दुसऱ्याने टाकलेले फॉर्म उचलणारा माणूस कोणत्या पायरीवर असतो, ते तुम्हीच बघितलंय.

मॅस्लोकडून एकच घ्या. आधी झोप बघा. दुपारची पाळी रात्री अकराला सुटत असेल, तर मेट्रोने घाटकोपर आणि तिथून बदलापूर गाडी पकडून घरी पोचेपर्यंत दिवस पालटतो. एक गाडी चुकली तर अर्धा तास फलाटावर. ज्यांना लांब जायचंय त्यांना आठवड्यातून दोन दिवस थोडं आधी यायचं आणि आधी सुटायचं असं लावून देता येईल का? हे तुमच्या रोस्टरमध्ये बसतं. त्याला एचआरची सही लागत नाही.

हर्झबर्गवर मात्र थांबायला हवं, कारण त्यांचा गैरवापर फार होतो. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं, कामावर खूप बरं वाटलं तो प्रसंग सांगा आणि खूप वाईट वाटलं तोही सांगा. १९५९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. बरं वाटण्याच्या गोष्टींत काम साधणं, कदर होणं, जबाबदारी मिळणं हे आलं. वाईट वाटण्याच्या गोष्टींत कंपनीचे नियम, साहेबांचं वागणं, पगार, कामाची जागा. दुसऱ्या यादीला त्यांनी हायजिन घटक म्हटलं. ते सुधारले की तक्रार जाते, पण तेवढ्याने उमेद येत नाही.

यातून कंपन्यांनी सोयीचं वाक्य काढलं: 'पैशाने मोटिव्हेशन होत नाही.' तुमचं एचआर तेच बोलतंय. पण याच सिद्धांतानुसार पगारातला अन्याय जिवंत असेपर्यंत तक्रार जिवंत राहते, आणि तिच्यावर फोटो आणि व्हाउचर लावून ती झाकली जात नाही. शिवाय हर्झबर्ग यांच्या प्रसंग विचारण्याच्या पद्धतीवर एक रास्त आक्षेप आहे. माणूस चांगल्या प्रसंगाचं श्रेय स्वतःच्या कामाला देतो आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडतो. त्यामुळे ती दोन याद्यांची वाटणी दिसते तितकी स्वच्छ नाही. पगार हा पैसाही असतो आणि कदरही असते.

आपल्या मुंबईला हे वेगळं सांगायला नको. दिवाळीचा बोनस ही मालकाची खुशी, की कामगाराचा हक्क, यावर या शहरातल्या गिरण्यांत वर्षानुवर्षं भांडण झालं. १९५० साली लेबर अपेलेट ट्रायब्युनलने, म्हणजे कामगार वादांवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, मुंबईच्या गिरण्यांच्याच वादात सूत्र घालून दिलं: नफ्यातून ठरावीक वजावटी गेल्यावर जे उरेल, त्यात कामगाराचा वाटा. १९६५ साली कायदा झाला. आज पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो, तोटा झाला तरी. जे हक्काचं आहे ते मिळालं म्हणून कुणी जास्त राबत नाही. पण ते नाकारलं तर काम थंडावतं. पगाराचा प्रश्न 'प्रेरणा' या नावाखाली ढकलला की तो सुटत नाही, नुसता अवघड जागी जाऊन बसतो.

आणि दादांचा खरा प्रश्न इथे आहे. त्यासाठी जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांच्याकडे वळू. त्यांनी १९६३ साली मांडलं ते थोडक्यात असं: माणूस नुसतं 'मला किती मिळतं' हे बघत नाही. मी काय घालतो आणि मला काय मिळतं, याचं प्रमाण तो शेजाऱ्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. ते जुळलं नाही की अस्वस्थ होतो, आणि जुळवायला काहीतरी करतो. जास्त मागतो, किंवा कमी घालतो, किंवा तुलना सोडून देतो, किंवा नोकरी सोडतो.

दादांनी कमी घालायला सुरुवात केली. त्यांच्या बाजूने बघा. ११ वर्षांचा हात, सगळ्यात किचकट सॅम्पल, रक्ताचे घटक वेगळे करणारा सेंट्रिफ्यूज बंद पडला तर हाक त्यांनाच. आणि नव्या मुलाला ३,००० रुपये जास्त. त्यावर भिंतीवरची पाटी रोज सांगणार की तुम्ही शेवटून दुसरे. ते तोंडाने काही बोलले नाहीत, हाताने बोलले. हे मरगळणं नव्हे. त्यांचा हिशोब बरोबर आहे, आणि म्हणून गाणं-बिणं लावून किंवा शनिवारी पिझ्झा मागवून तो बदलणार नाही.

असे हिशोब फार जुने आहेत. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली टेलिफोनच्या स्विचचं वायरिंग करणाऱ्या एका गटाचं निरीक्षण झालं. योगायोग बघा, तेही १४ जण होते. जास्त काम केलं तर गटाला जास्त पैसे, अशी पद्धत होती. तरी त्यांनी आपापसांत दिवसाचं काम ठरवून टाकलं होतं आणि त्याहून वेगाने हात चालवणाऱ्याला दंडावर गुद्दा बसायचा. कारण त्यांना भीती होती, आज जास्त काढून दाखवलं तर उद्या दर कमी होतील किंवा माणसं कमी होतील. वरून बघणाऱ्याला ती आळशी टोळी वाटली असती.

आता तुम्ही म्हणाल, पगार माझ्या हातात नाही. खरंय. पण दोन गोष्टी हातात आहेत.

पहिली म्हणजे खरं बोलणं. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका कंपनीने दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगार कापला. एका कारखान्यात व्यवस्थापनाने वेळ काढून कारण सांगितलं, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्यात थोडक्यात घोषणा करून मोकळे झाले. दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, पण जिथे नीट समजावलं तिथे बऱ्याच कमी वाढल्या. पगार सारखाच कापला होता. माणसाला पैसा लागतोच, पण आपल्याला कसं वागवलं हेही तो मोजतो. ग्रीनबर्गच्या अभ्यासातून एवढंच घ्या. समजावून सांगितलं म्हणून कापलेला पगार भरून निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

दादांशी केबिनमध्ये बोलू नका, एचआरला बरोबर घेऊ नका. पाळीच्या आधी खाली टपरीवर चहा घ्या आणि सरळ विषय काढा. साधारण असं: 'दादा, नव्या मुलाचा पगार तुमच्यापेक्षा जास्त आहे हे मला माहीत आहे. मला ते बरोबर वाटत नाही. तो आकडा मी ठरवत नाही आणि वाढवून देते असं खोटं सांगणार नाही. पण तुमचं काम काय आहे ते मी लेखी वर पाठवतेय, पाठवायच्या आधी तुम्ही वाचा. आणि ती पाटी लावली ती चूक होती. तुमचं काम त्या पाटीत बसतच नव्हतं.' मग गप्प बसा. ते बरंच बोलतील किंवा काहीच बोलणार नाहीत. 'तुम्ही तर आमचे सिनिअर, तुम्ही समजून घ्यायला हवं' हे वाक्य चुकूनही तोंडातून येऊ देऊ नका. समजून घेण्याचा वाटा त्यांनी आजवर भरपूर उचललाय.

आणि त्या नव्या मुलाला यात गुन्हेगार ठरवू नका. त्याने मागितलं, कंपनीने दिलं. त्याच्याशी टीम तुटक वागत असेल तर तेही तुम्हालाच थांबवायचंय.

दुसरी गोष्ट म्हणजे तो लेखी कागद. त्यात भावना नकोत. दादा कोणती सॅम्पल हाताळतात, किती नव्या मुलांना त्यांनी शिकवलं, ते सुट्टीवर असताना त्या दिवशी काय अडकलं, हे महिन्याभराचं लिहून ठेवा. नव्या माणसाला बाजारभावाने घेतलं आणि जुन्याची वाढ टक्क्याटक्क्याने झाली, म्हणून हा फरक पडला. अशी दरी बहुतेक ऑफिसात याच वाटेने पडते. ती भरायला 'करेक्शन' म्हणून वेगळी वाढ देता येते. ते मागा. मिळेलच असं नाही. पण तुम्ही मागितलं हे दादांना माहीत असणं, याला स्वतःचं वजन आहे.

व्हाउचरचं का फसलं, त्यासाठी व्हिक्टर व्रूम यांचे तीन प्रश्न पुरतात. १९६४ साली त्यांनी मांडले. मी जोर लावला तर काम सुधारेल का? काम सुधारलं तर मला काही मिळेल का? आणि जे मिळेल ते मला हवंय का? व्रूम यांचा मुद्दा असा की या तिघांचा गुणाकार होतो. एक जरी शून्य असला तरी सगळं शून्य. तुमच्याकडे दादांसाठी पहिलं उत्तर 'हो' होतं. दुसरं 'नाही', कारण अवघड सॅम्पल घेतली तर पाटीवर नाव खाली जायचं. तिसरंही 'नाही': अंधेरीच्या मॉलचं व्हाउचर बदलापूरच्या माणसाने वापरायचं कधी, सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तास गाडीत उभं राहून? प्रत्येकाला एकेकदा विचारा, 'तुझं काम आणखी बरं व्हावं म्हणून मी काय बदलू?' कुणी म्हणेल रविवारची सुट्टी ठरलेली हवी. कुणी म्हणेल खुर्ची मोडलीय. कुणी म्हणेल मला हिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्तपेशी तपासणाऱ्या विभागात, शिकायला पाठवा. ही उत्तरं व्हाउचरपेक्षा स्वस्त असतात आणि बऱ्याचदा तुमच्याच अधिकारात असतात.

बक्षिसाबद्दल आणखी एक सावधगिरी. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. ज्यांना सोडवण्याचे पैसे दिले, ती मुलं पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्याला कमी हात लावू लागली. १९९९ साली डेसी, रिचर्ड रायन आणि एका सहकाऱ्याने अशा १२८ अभ्यासांची बेरीज केली. आधी कबूल केलेलं वस्तुरूप बक्षीस मूळच्या आवडीला मारक ठरतं, मनापासून केलेलं कौतुक मात्र आवड वाढवतं, असं चित्र दिसलं. हे मुळात आवडणाऱ्या कामांबद्दल आहे हे लक्षात ठेवा. हजारावा बारकोड चिकटवणं कुणाचा छंद नसतो. पण अस्पष्ट फॉर्म उलगडून योग्य पेशंटशी जुळवणं ही दादांची आवड होती, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तिलाच धक्का लागलाय. डेसी आणि रायन म्हणतात, माणसाला कामात तीन गोष्टी लागतात: आपल्या मनाने थोडं ठरवता येणं, आपल्याला हे जमतं ही खात्री, आणि आपली माणसं. पाटीने तिन्हींना इजा केली. काय उचलायचं ते पाटी ठरवू लागली, जमणाऱ्याला न जमणारा ठरवलं, आणि १४ जण एकमेकांचे स्पर्धक झाले.

हे परत कसं आणायचं? इथे मला अमेरिका सोडून अहमदाबादला यायचंय. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतकं येत नव्हतं. कारण प्रत्येक कामगाराला कामाचा एकेक तुकडा वाटून दिला होता: कुणी धागा सांधायचा, कुणी बॉबिन भरायचा, कुणी तेल घालायचा. पूर्ण मागाचा धनी कुणीच नव्हता. राइस यांनी सुचवलं की छोटे गट करा आणि ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका गटाकडे द्या. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि गट त्यांनी स्वतःच पाडले. सुरुवातीला आकडे डगमगले, मग उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. पुढे १९७६ साली रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी कामाची जी वैशिष्ट्यं मांडली, त्यांत विविधता, पूर्ण काम, त्याचं महत्त्व, मोकळीक आणि परिणाम कळणं हे येतं. त्यातलं बरंचसं राइस यांच्या मागांवर आधीच दिसलं होतं.

तुमच्या विभागात सध्या बहुधा एक जण सहा तास फक्त बारकोड लावतो, दुसरा फक्त फॉर्म टाइप करतो, तिसरा फक्त रॅक भरतो. त्याऐवजी तीन-चार जणांचे गट करा आणि मार्ग वाटून द्या. ठाणे-मुलुंडच्या सेंटरांची पिशवी एका गटाची, वसई-विरारची दुसऱ्याची. पिशवी उघडण्यापासून सॅम्पल योग्य विभागात पोचेपर्यंत सगळं त्यांचं. अक्षर लागत नसेल तर त्या सेंटरला फोनही तेच करतील. महिन्याभरात त्यांना कळेल की कोणत्या सेंटरवरून हिमोलाइज झालेली, म्हणजे रक्तपेशी फुटून बिघडलेली सॅम्पल जास्त येतात, आणि ते सेंटरशी बोलूही लागतील. हे आज कुणाच्याच कामाचा भाग नाही. गट पाडताना तुम्ही फक्त एक अट घाला, प्रत्येक गटात एक अनुभवी माणूस हवा. बाकी त्यांचं त्यांना ठरवू द्या. दादांना गटाचा 'लीडर' वगैरे पद देऊन मोकळं होऊ नका. पगाराशिवाय पद दिलं तर त्यांच्या हिशोबात एक ओझं वाढतं. अवघड सॅम्पल कशी हाताळायची हे ते इतरांना शिकवणार असतील, तर त्यासाठी पाळीतला वेळ द्या आणि तो रोस्टरवर लिहा.

आणि परिणाम दाखवा. अ‍ॅडम ग्रँट यांचा २००७ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणारी मुलं कंटाळलेली होती. त्यांतल्या काहींची, त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घालून दिली. महिन्याभराने बघितलं तर भेटलेल्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. तुमच्या लोकांसमोरून रोज शेकडो ट्यूब जातात आणि पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही. तुमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विनंती करा. पंधरवड्यातून एकदा, पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं. नाव-गाव न सांगता एक केस: लहान मूल, ताप, सॅम्पल वेळेत आलं म्हणून काय लवकर समजलं. किंवा उलटं, लेबल अदलाबदल झाल्याने काय घडता घडता राहिलं. उपदेश नको, फक्त काय झालं ते.

'हल्लीच्या माणसांना ओढ राहिली नाही' हे मनातून काढून टाका, कारण ते मनात असलं की वागण्यात उतरतं. डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० साली हेच म्हटलं होतं. माणूस कामचुकार आहे असं धरून चाललं की आपण पहारे लावतो, आणि पहाऱ्याखालचा माणूस नेमून दिलं तेवढंच करतो. मग साहेब म्हणतो, बघा, मी सांगत होतो.

राहिला तुमचा प्लॅन. एका पानात बसवा. वर एकच वाक्य लिहा: काम लावण्याची पद्धत बदलतोय, आणि चुका किती कमी झाल्या ते दर महिन्याला दाखवू. खाली गट, सगळ्या पाळीचं लक्ष्य, लांबच्या लोकांसाठी सुटण्याच्या वेळा, पॅथॉलॉजिस्टची दहा मिनिटं. साहेबांना आकडा हवा असेल तर जवळचाच देते. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. तिथे दोषांची रोज नोंद, स्वच्छता, मालाचा हिशोब अशा साध्या पद्धती बसवल्या आणि पहिल्या वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. माणसं तीच होती.

पगाराचा मुद्दा त्याच पानात घालू नका. तो वेगळ्या ईमेलने, थेट तुमच्या वरिष्ठांना आणि एचआरला पाठवा. प्लॅनमध्ये घातला तर सगळा प्लॅनच 'पगारवाढीची मागणी' म्हणून बाजूला पडेल, आणि वेगळा नसेल तर कुणी उत्तर देण्याची तसदी घेणार नाही. उत्तर 'नाही' आलं तर कारण लेखी मागा आणि ते दादांना त्याच दिवशी सांगा. ते दुसरीकडे अर्ज करतो म्हणाले तर चांगलं शिफारसपत्र द्या. आणि त्या ईमेलची एक प्रत, तारखेसह, स्वतःकडे ठेवा. वार्षिक वाढीचे कागद निघतील तेव्हा तीच पुन्हा पुढे करता येईल.